हिरव्या रंगातली हुलगेवाडी

हुलगेवाडी, ता. मंगळवेढा
२ जुलै २०२५

चि. शिवानी,

आत्तीचा आशीर्वाद. तुमी सगळी बरी हायसा असं धरून चालते. त्यात कागद घालवत न्हाय.

काम हाय म्हणून लिवते. फोन का न्हाय केलास असं विचारू नको. हितं फोन लागत असता तर हे पत्रच लिवलं नसतं. चौथीतनं शाळा सुटली तवापासनं एवढं लांबडं कायबी लिवलं न्हाय, अक्षराला हसायचं न्हाय.

तुला म्हाईत हाय, उन्हाळ्यात मी गोठ्यात पडले आन डावा हात मोडला. माझा विरुपाक्ष सगळ्यांना म्हशीनं पाडलं म्हणून सांगत फिरतो. ते खोटं हाय. म्हस गरीब हाय. शेणावरनं माझाच पाय घसरला. सकाळी पडले ती सांजच्याला शेजारची राजाबाई दूध न्यायला आली तवा तिनं उठवली. हात बसवला, प्लास्टर घातलं, प्लास्टर निघालं. आता भाकरी थापते, धार काढते. इषय संपला की न्हाय?

न्हाय संपला. तुझ्या ह्या विरुपाक्षदादानं पुण्यात बसून ठरवलंय की आई आता एकटी ऱ्हायाची न्हाय. दिवाळीला गाडी घेऊन येतो, म्हस राजाबाईला देतो, घराला कुलूप घालतो आन तुला घेऊन जातो म्हणतोय. का, तर "आई, तुझा फोन लागत न्हाय." आता बघ. बाईला तिच्या घरातनं काढायचं कारण काय, तर फोन लागत न्हाय! मी त्याला म्हणलं, तुझ्या बापाकडं तर जलमभर फोन नव्हता, त्याला कुटं नेला न्हाईस.

मागं आठवडाभर पुण्यात ऱ्हाऊन आले. खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी दिसते. सून चांगली हाय. मला कायबी करू देत न्हाय. तेच वाईट हाय. बसून बसून माझं पाय सुजलं.

आता कामाचं. तुझा बाप, आण्णा, सांगत व्हता, सोलापुरात तू ज्या हापिसात जातीस तितं सगळ्या जिल्ह्यातल्या टावरचं चित्र काढत्यात, आन ते बघून कंपनीवाले नवा टावर कुटं घालायचा ते ठरवत्यात. तू माझ्या सख्ख्या भावाची पोर हायस. तवा आमच्या गावाला एक टावर काढ. शाळंच्या मागं गायरान मोकळं पडलंय, तितं काढ. दिवाळीच्या आत.

आत्ती
सिद्धम्मा

•

सोलापूर
११ जुलै २०२५

ती. आत्तीस,

शरणु शरणार्थ. तुझं पत्र मिळालं. अक्षराला हसले नाही, मजकुराला हसले. आण्णांनी दोनदा वाचून घेतलं.

आधी एक स्पष्ट करते. टॉवर मी उभारत नाही, आणि चित्रात काढला म्हणून तो गावात उगवत नाही. आमचं काम असं आहे: कोणत्या टॉवरवरून किती फोन झाले, किती मध्येच तुटले, लोकांनी किती तक्रारी केल्या, जमिनीखालची केबल कुठून कुठे गेली, ही सगळी माहिती कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये साठते. ती इतकी असते की ओळीने वाचायची म्हटली तर माझा जन्म पुरायचा नाही. म्हणून मी तिचं चित्र करते. प्रत्येक टॉवरचा एक गोल. फोन जास्त तर गोल मोठा. एकेक माणूस त्यात दिसत नाही, सगळ्यांचा मिळून एक गोल. ज्या दोन गावांचं एकमेकांशी बोलणं जास्त, त्यांच्यामध्ये रेघ जाड. आणि रंग. फोन तुटतात, तक्रारी आहेत, तो भाग लाल. मध्यम असेल तर पिवळा. सगळं ठीक असेल तर हिरवा. पडद्यावर सोलापूर शहर फुटलेल्या डाळिंबासारखं दिसतं.

कंपनीचे साहेब आकडे बघत नाहीत, हे चित्र बघतात. लाल जिथे जास्त, तिथे पहिला टॉवर. दिवाळीच्या आधी त्यांची बैठक आहे. त्या बैठकीत यादी ठरणार.

तुझं पत्र आल्यावर मी हुलगेवाडी शोधली. आत्ती, वाईट बातमी आहे. तुमचं गाव हिरवं आहे. तिथून एकही तक्रार नाही, एकही फोन मध्ये तुटलेला नाही. हे बघून कुणी टॉवर देणार नाही.

हाताला जप. विरुपाक्षदादाशी भांडू नकोस.

तुझी,
शिवानी

•

हुलगेवाडी
१९ जुलै २०२५

चि. शिवानी,

हिरवं? हितं बाभळ सोडली तर हिरवं कायबी न्हाय. पावसानं अजून मृगाचाच हिशोब दिला न्हाय. येऊन बघ एकदा तुझं हिरवं गाव.

फोन तुटत न्हाय म्हणं! लागला तर तुटंल की. लगीनच न्हाय झालं तर काडीमोड कुटनं व्हायचा?

आन तक्रार न्हाय असं कोन म्हणतं? ही गुंडाची गोष्ट ऐक. गुंडा म्हंजे आमच्या गिरणीवाल्याचा थोरला. गावात रेंज न्हाय. ओढा वलांडून वर माळ हाय, तितं पल्याडच्या टावरची रेंज येती. सगळं गाव फोन करायला त्या माळावर जातं. पोरांनी बसायला दगड लावल्यात, हॅलो कट्टा म्हणत्यात त्याला. गुंडा तितं गेला आन कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका, असं करत करत एक पोरगी बोलली. गुंडानं सगळं सांगितलं. ती म्हणली, "आमचे अधिकारी तुम्हाला दोन दिवसांत फोन करतील, धन्यवाद." आन गुंडा आला घरी. आता अधिकाऱ्याचा फोन घरी कसा येणार? दोन दिवस माळावर बसून ऱ्हायचं का मेंढरं राखल्यागत? गुंडासारख्यांनी लई जणांनी असं केलंय. तुझ्या चित्रात कुटं गेली ती सगळी?

विरुपाक्षाला दुसरी अक्कल सुचलीया. म्हणतो, आई, रोज सांजच्याला माळावर जाऊन मला एक फोन करत जा, मग मी न्यायचं नाव काढत न्हाय. मी म्हणलं, मी काय चोर हाय का रोज ठाण्यावर हजेरी लावायला? मी जित्ती हाय हे सांगायला रोज डोंगर चढू? मी न्हाय जात.

आता मी काय ठरवलंय ते ऐक. तूच लिवलंस, फोन झाला की गोल उठतो. नागपंचमीला गावातल्या झाडून सगळ्या बाया फेर धरायला देवळाम्होरं जमत्यात. माहेराला आलेल्या पोरी बी असत्यात. मी सगळ्यांना सांगितलंय, पुरनाचं राहू दे, आधी फोन घेऊन या. फेराच्या आधी सगळ्यांनी एका दमात फोन लावायचे. एवढा मोठा गोल उठंल की तुझ्या साहेबाचं डोळं दिपतील. तू त्या दिवशी चित्राम्होरं बसून ऱ्हा.

आत्ती

•

सोलापूर
६ ऑगस्ट २०२५

ती. आत्तीस,

नागपंचमीला मी सबंध दुपार पडद्यासमोर बसले होते. हुलगेवाडीवर काहीही उठलं नाही.

चूक माझी आहे, मी नीट समजावलं नव्हतं. फोनला टॉवर सापडला तरच टॉवरला कळतं की इथे कुणीतरी आहे. टॉवरच सापडला नाही तर तुम्ही शंभर वेळा बटण दाबा, त्याची खूण कुठेच राहत नाही. बंद खोलीत हाक मारल्यासारखं.

गंमत म्हणजे संध्याकाळी माळावरचा, म्हणजे पलीकडच्या टॉवरचा, गोल चांगला फुगला. तिथे काय चाललं होतं?

आता दुसरं. गुंडाची तक्रार मी शोधली. सापडली. पुढे लिहिलंय: "ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही. तक्रार बंद." तशा आणखी बऱ्याच आहेत, सगळ्या माळावरून केलेल्या, सगळ्या याच शेऱ्याने बंद. आणि बंद झालेली तक्रार म्हणजे मिटलेली तक्रार, असं आमच्याकडे धरतात.

आत्ती, रंग कुणी ठरवले माहीत आहे का? मीच. तक्रार नाही तर हिरवा, हे मीच लिहून ठेवलं होतं. "सगळं ठीक आहे" आणि "काहीच कळत नाही" या दोन गोष्टींना मी एकच रंग दिला होता. जिल्हाभर हा प्रकार असणार हे मला त्या दिवशी सुचलं.

म्हणून नवा रंग घातला. जिथून माहितीच येत नाही तो भाग राखाडी. चित्र पुन्हा काढलं तर तुमच्या पट्ट्यात भला मोठा राखाडी डाग पडला. करमाळ्याच्या वरच्या अंगाला एक, नातेपुत्याच्या पलीकडे एक. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, नकाशाला कसर लागल्यासारखी दिसते." मी म्हटलं, "सर, लागलीच आहे." त्यांनी चित्र पुढे पाठवलं.

नुसत्या राखाडी रंगावर टॉवर मिळत नाही. मोजणीची गाडी यावी लागते. ती रस्त्याने फिरते आणि कुठे किती रेंज आहे ते यंत्रात भरते. मी तुमच्या भागासाठी गाडी मागितली आहे. बघू.

शिवानी

•

हुलगेवाडी
१४ ऑगस्ट २०२५

चि. शिवानी,

म्हंजे आमी सगळ्या खुळ्यागत देवळाम्होरं उभ्या व्हतो तर.

फेरातल्या मायाक्काला तर मी सांगितलं व्हतं की नुसतं बटण दाब. तर तिनं फोन कानाला लावून "हॅलो, कोण बोलतंय, हॅलो" म्हणून एवढा मोठा गळा काढला की पुजारी बाहेर आला. तो म्हणला, "बाई, एवढ्या मोठ्यानं बोलताय तर फोन कशाला पायजे?" माझ्यावर सगळं गाव हसलं. आता रस्त्यानं चालले की पोरं म्हणत्यात, आत्ती, गोल उठला का?

माळावर काय व्हतं विचारलंस. माहेरवाशिणी व्हत्या. फेर झाला की एकएक जण गपचीप ओढा वलांडून वर. नवऱ्याशी बोलायला.

विरुपाक्षाचं परत चालू झालंय. राजाबाईच्या जावयाबरोबर निरोप धाडलाय, की आई, सामान थोडं थोडं बांधायला लाग. मला न्यायची एवढी घाई कशापायी ते मला कळलंय. रस्ता मोठा व्हनार हाय, जागंचा भाव वाढंल. मी हितनं उठले की घर इकून मोकळं व्हायाचं. आईची काळजी बिळजी कायबी न्हाय. बापाच्या माघारी वाढवला, शिकवला, आन आता मलाच घरातनं काढतोय. हे कुणाला सांगत न्हाय, तुला सांगते.

गाडी धाड. दिवाळीला लई दिवस ऱ्हायलं न्हाईत.

आत्ती

•

सोलापूर
१ सप्टेंबर २०२५

ती. आत्तीस,

गाडी मंजूर झाली. पुढच्या आठवड्यात येईल. इंजिनिअर आरोही म्हणून मुलगी आहे, नवीनच लागली आहे. गाडी मृत्युंजय चालवतो, तो अक्कलकोटचा. कन्नडमध्ये बोललीस तर खूश होईल. त्यांना गावातले सगळे रस्ते दाखव. पण त्यांच्या कामात लुडबूड करू नकोस.

दादाबद्दल तू लिहिलंस त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

शिवानी

•

हुलगेवाडी
१६ सप्टेंबर २०२५

चि. शिवानी,

तुझी गाडी आली आन गेली. लुडबूड केली न्हाय. केली असती तर बरं झालं असतं.

दुपारच्याला आले. पांढरी गाडी, वर दोन दांड्या. पोरगी पुढं मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसलेली. मी म्हणलं, "आभाळ भरलंय, काळ्या रानातल्या वाटंनं जाऊ नका, आधी गावातलं बघा." तर तुझी आरोही म्हणती, "काकू, आमचा रूट ठरलेला आहे." ठरलेला तर ठरलेला. मृत्युंजय माझ्याकडं बघून कन्नडात म्हणला, मला बी असंच वाटतंय, पण मी चालवणारा.

गेले. अन् आला पाऊस. चार महिन्यांचा राग काढल्यागत आला. गाडी खालच्या रानात चाकाच्या मध्यापत्तर रुतली. दोघं चिखलानं भरून पाय वडत माझ्या दारात. पोरीच्या हातात फोन. वर धरती, खाली धरती, ओसरीत फिरती, अंगणात फिरती. मी म्हणलं, "बाई, त्यासाठीच तर तुला बोलावलंय. हितं लागत असता तर तू आली असतीस का?"

माळावर जाते म्हणली. मी न्हाय सोडली. ओढ्याला एवढं पाणी आलं व्हतं की म्हस सुदीक गेली न्हाय. म्हंजे त्या दिवशी माळ बी बंद.

हुलग्याचं माडगं केलं, भाकरी केली, शेंगाची चटणी व्हती. मृत्युंजय पोट भरून जेवला. पोरगी जेवंना. मी म्हणलं, तिखट लागतंय का? तर डोळं भरून आलं तिचं. म्हणती, "आई रोज माझ्या फोनची वाट बघते. फोन गेला नाही तर ती बिछान्याला पाठ लावत नाही." मी म्हणलं, "एक दिवस न्हाय केला तर काय आभाळ पडतंय? तू काय कुकुलं बाळ हायस का?" तर म्हणती, "काकू, मला माहीत आहे मी ठीक आहे. तिला नाही ना माहीत."

मी उठले. भांडी घासायची व्हती.

सकाळी ओढा उतरला. गुंडानं ट्रॅक्टर लावून गाडी वडून काढली. पोरगी तवर चिखलातनं माळावर पळाली. लांबनं दिसत व्हतं, कानाला फोन लावून उभी. खाली आल्यावर पैल्यांदा हसली आन शिळी भाकरी मागून खाल्ली.

मग ठरलेल्या वाटा फिरून यंत्रात सगळं भरलं. म्हणली, "काकू, तुमचं गाव पूर्ण काळं आलंय." मी म्हणलं, "चला, हिरव्याचं काळं झालं. कायतरी खरं झालं."

आत्ती

•

सोलापूर
२४ सप्टेंबर २०२५

ती. आत्तीस,

मोजणीचे आकडे आले. चित्रात घातले. आता डाग राखाडी नाही, मोजून सिद्ध झालेला काळा आहे. बैठकीत ठेवणार आहेत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. त्या दिवशी इथे काय झालं ते तुला सांगायचं आहे.

मोजणीची गाडी कुठे आहे ते आम्हाला इंजिनिअरच्या फोनवरून पडद्यावर दिसतं. एक निळा ठिपका सरकत असतो. दुपारी तो तुमच्या ओढ्याच्या अलीकडे आला आणि विझला. मला माहीत होतं की तो विझणार, तिथे रेंज नाही हे सिद्ध करायलाच तर गाडी गेली होती. तासाभराने दुसऱ्या बाजूने निघेल म्हणून मी वाट बघितली. निघाला नाही. ऑफिस सुटलं, तरी मी बसून राहिले. आरोहीच्या आईचा फोन ऑफिसात आला. मी सांगितलं, "काकू, गाडी रेंजच्या बाहेर आहे, काळजी करू नका." त्यांनी विचारलं, "रेंजच्या बाहेर म्हणजे बरी आहे ना?" आत्ती, माझ्यासमोर सगळ्या जिल्ह्याचं चित्र होतं, आणि एका मुलीचं मला सांगता येत नव्हतं.

सकाळी माळावर ठिपका दिसला तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून बसले.

आता रागावायचं तेवढं रागाव. विरुपाक्षदादा दर रविवारी मला फोन करतो. "आईचं पत्र आलं का?" एवढंच विचारतो. तुझं पत्र आलं की मी त्याचे फोटो काढून त्याला पाठवते. पहिल्यापासून. घर विकण्याचं लिहिलंस तेही त्याने वाचलंय. मी ते पान काढून ठेवणार होते, पण तो म्हणाला, "सगळं पाठव, अक्षर तरी बघू दे." वाचून म्हणाला, "आईचा हात चांगला बसलाय. ओळी सरळ येतायत."

घर तो विकणार नाही. मी विचारलं. छपराचे पत्रे बदलायला पैसे साठवतोय, तुला सांगू नको म्हणाला होता, सांगितलं.

आणि तू पडलीस तो दिवस. त्या दिवशी त्याने तुला सकाळी फोन लावला होता. फोनमधली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुपारी लावला, तेच. तुझ्या फोनवर रोज तेच ऐकू येतं, म्हणून तो जेवला आणि कामाला बसला. तेव्हा तू गोठ्यात पडलेली होतीस. तो मला म्हणाला, "शिवानी, आई धडधाकट असली तरी ती बाई तेच म्हणते आणि पडलेली असली तरी तेच म्हणते. मी आता कशावर विश्वास ठेवू?"

इथे मी 'दादाची घाई म्हणजे काळजीच आहे' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुला जे कळायचं ते कळेल.

शिवानी

•

सोलापूर
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्तीस,

बैठक झाली. हुलगेवाडी यादीत आहे! पण दुसऱ्या टप्प्यात. काम पुढच्या वर्षी सुरू होईल, तेही पावसाळ्याच्या आत होईल असं मी छातीठोक सांगत नाही. दिवाळीच्या आत तर नाहीच. मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, वर ठरलंय.

दादा दिवाळीला येतोय. गाडी ठरवली आहे त्याने.

तुझं पत्र आलं नाही. रागावली आहेस हे कळतंय. तरी दोन ओळी लिही.

शिवानी

•

हुलगेवाडी
२७ ऑक्टोबर २०२५

चि. शिवानी,

राग आला व्हता. अजून बी हाय. एकाला लिवलेलं पत्र दुसऱ्याला दावायचं न्हाय हे आमच्या चौथीत शिकवत व्हते, तुझ्या कॉलेजात शिकवलं न्हाय वाटतं. तुझं पत्र वाचलं आन घडी करून डब्यात टाकलं. ज्वारीची पेरणी चालली व्हती, तिकडं गेले.

पण ते डोक्यातनं जाईना. पेरायच्या कुरीमागं चालताना बी तेच. मी पडले तवा तो जेवत व्हता, आन मला ते आता कळलंय. ह्या गोष्टीत कुणाचा दोष काढावा ते मला सापडंना. न्हायतर मी सोडत न्हाय, तुला म्हाईत हाय.

पेरा उरकला त्या सांजेला म्हस घेऊन निघाले. राजाबाई म्हणली, "वर कुटं? तितं चारा न्हाय." मी म्हणलं, "तुझं तू बघ." माळावर गेले. गुंडा आन पोरं कट्ट्यावर व्हती. त्यांना म्हणलं, उठा, मला बसू दे. त्यांनीच नंबर लावून दिला.

विरुपाक्षानं उचलला. हॅलो बिलो कायबी न्हाय. "आई, काय झालं?" असं एवढ्या भ्यालेल्या आवाजात म्हणला की मला त्याचा बाप गेला तो दिवस आठवला. मी म्हणलं, "कायबी झालं न्हाय." तो म्हणला, "मग फोन का केला?" मी म्हणलं, "कायबी झालं न्हाय हेच सांगायला केला."

मग तो बोलंना. रेंज गेली का काय म्हणून मी फोन हलवला. तर नाक वडल्याचा आवाज आला. म्हणला, सर्दी झालीया. झाली आसंल. मी म्हणलं, सुंठ घे, आन ठिवला.

दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी कटाळा आला, घरीच बसले, तर धार काढायची ऱ्हायल्यागत वाटाय लागलं. मग अंधार पडायच्या आत गेले. आता म्हस बी आपसूक तिकडं वळती.

दिवाळीला आला तो मोकळी मोठी गाडी घेऊन. सामानासाठी. मी चकल्या तळत व्हते. त्यानं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन म्हणला, "टावर पुढच्या वर्षी हाय म्हणं." मी म्हणलं, "व्हय." तो म्हणला, "तवर?" मी म्हणलं, "तवर मी सांजच्याला वर जाईन. न्हाय गेले तर राजाबाईनं वर जाऊन तुला सांगायचं. तिला मी बोलले हाय." तो म्हणला, "तू तर म्हणली व्हतीस, मी काय चोर हाय का." म्हंजे वाचलंय सगळं, पाठ बी केलंय. मी म्हणलं, "चकली खा. आन मी म्हणलं ते म्हणलं."

सांजच्याला माझ्या मागनं माळावर आला. कट्ट्यावर बसला. मी नेमानं फोन काढला आन त्यालाच लावला. त्याच्या खिशात वाजला. लई हसलो आमी. पोरं बघाय लागली.

जाताना त्या मोठ्या गाडीतनं दोन पोती ज्वारी आन चटणीचा डबा नेला. घराचं माप घेतलंय, पत्र्याचं. वाटंला लागताना एवढंच म्हणला, "आई, पुढच्या दिवाळीपत्तर टावर झाला न्हाय तर परत बोलू." मी म्हणलं, बोलू की. फोनवर बोलू.

तुझ्या साहेबाला सांग, दुसरा टप्पा दुसराच ऱ्हाऊ दे, तिसरा करू नको म्हणावं. न्हायतर सोलापुरात येऊन बसंन.

आन आता तुझं काम. तू लिवलं व्हतंस, चित्रात कोण एक माणूस असं दिसत न्हाय, सगळ्यांचा मिळून एक गोल असतो. आसंल. पण सांजच्याला दिवेलागणीच्या टायमाला आमच्या माळावरचा गोल बघत जा. पूर्वीपेक्षा उलीसा मोठा दिसला, तर ती वाढ माझी हाय. हे पत्र फोटो काढून त्याला धाड, आता माझी ना न्हाय.

आन ज्या दिवशी दिसला न्हाय, त्या दिवशी ओढ्याला पाणी आलंय असं समजायचं. दोघांनी बी गाडी काढून पळत यायचं न्हाय. राजाबाई हाय.

आत्ती